रोजच्या वापराला जुनी लेक्सस कूपे: कॅलिफोर्नियात घेताना आणि सांभाळताना

कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न मला नेहमी येतो. दहा हजार डॉलरच्या आतबाहेर पैसे आहेत, त्यात एखादी साधी सेदान घ्यावी, की एके काळची आलिशान दोन दारांची गाडी, म्हणजे कूपे? नेट चाळताना नव्वदच्या दशकातल्या लेक्सस, मर्सिडीज, जॅग्वार दिसतात, फोटो बघून जीव हरखतो आणि मग मेसेज येतो, "ताई, ही घेऊ का?"

मी स्वतः बरीच वर्षं लेक्सस एससी ४०० रोज ऑफिसला चालवते, म्हणून हे सगळं त्याच गाडीच्या आधारे लिहिते आहे. बहुतेक सल्ले दुसऱ्या जुन्या कूपेलाही लागू पडतील. अशी गाडी रोज चालते, चांगली चालते. त्यासाठी कामं कोणत्या क्रमाने करायची हे मात्र आधीच ठरलेलं हवं.

१. आधी अपेक्षा ठरवा

या गाडीची विकत घ्यायची किंमत उतरली आहे, देखभालीची उतरलेली नाही. नवी असताना ही चाळीस-पन्नास हजार डॉलरची गाडी होती. तिचे सुटे भाग आणि मेकॅनिकचे तास त्याच दर्जाच्या गाडीचे आहेत. "स्वस्तात आलिशान गाडी मिळाली" असं मनात धरून आलात तर पहिल्याच बिलाला तोंड कडू होईल.

पेट्रोल प्रीमियम लागतं, म्हणजे इथल्या पंपावरचं ९१ ऑक्टेन. व्ही-८ इंजिन गावातल्या सिग्नलांत गॅलनला पंधरा-सोळा मैल देतं, मोकळ्या फ्रीवेवर वीस-बावीस. महिन्याला हजार मैल चालवत असाल तर साधारण ५५ गॅलन धरा आणि तुमच्या पंपावरच्या भावाने गुणा. हा आकडा झेपत नसेल तर इथेच थांबा.

सुरक्षेबद्दल स्पष्ट सांगते. १९९२ च्या पहिल्या गाड्यांत एअरबॅग फक्त चालकापुढे होती, शेजारच्या सीटची नंतर आली. बाजूच्या एअरबॅग नाहीत. घरात लहान मूल असेल तर आणखी एक गोष्ट आहे. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालच्या मुलाला मागच्या सीटवर, कार सीट किंवा बूस्टरमध्येच बसवावं लागतं. कार सीट अडकवायचे खालचे हुक अमेरिकेत नव्या गाड्यांना २००२ पासून सक्तीचे झाले. या गाडीत ते नाहीत, सीट पट्ट्यानेच बांधावी लागते. दोन दारांतून वाकून रोज ते करणं पाठीला परवडत नाही. घरात दुसरी चार दारांची गाडी असेल तरच बाळ असलेल्यांनी हा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे.

२. कोणती गाडी, कोणतं वर्ष

एससी अमेरिकेत १९९२ च्या मॉडेल वर्षापासून २००० पर्यंत विकली गेली. तिचा आकार इथेच, न्यूपोर्ट बीचच्या कॅल्टी या टोयोटाच्या डिझाइन स्टुडिओत घडला. जपानमध्ये हीच गाडी टोयोटा सोअरर नावाने मिळायची.

एससी ४०० मध्ये चार लिटरचं व्ही-८ इंजिन आहे, १यूझेड-एफई. सुरुवातीला २५० हॉर्सपॉवर, आणि १९९८ पासून व्हीव्हीटी-आय (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) आल्यावर २९०, सोबत पाच गिअरचा ऑटोमॅटिक. एससी ३०० मध्ये तीन लिटरचं सहा सिलिंडरचं २जेझेड-जीई, २२५ हॉर्सपॉवर. मॅन्युअल गिअर फक्त एससी ३०० मध्ये आणि तोही १९९७ पर्यंतच.

रोजच्या वापराला मी एससी ४०० सुचवते. एससी ३०० वाईट म्हणून नव्हे. ती टोयोटाच्या सुप्रा या स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण आहे आणि त्यामुळेच ड्रिफ्टिंगवाल्यांनी आणि टर्बो बसवणाऱ्यांनी तिला सोडलेलं नाही. मूळ स्थितीतली एससी ३०० शोधायला चिकाटी लागते. बदल केलेली गाडी कॅलिफोर्नियाच्या स्मॉग तपासणीत, म्हणजे धुराच्या सक्तीच्या चाचणीत, अडकते, कारण बाहेरून बसवलेल्या भागांना राज्याचा मंजुरी क्रमांक लागतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. १९९३ ते ९५ च्या मर्सिडीज ई-क्लास कूपेत इंजिनच्या वायरिंगचं आवरण कुजून गळतं. ते बदलल्याची पावती नसेल तर पुढे जाऊ नका. सुरुवातीच्या जॅग्वार एक्सके-८ मध्ये टायमिंग चेनचे टेन्शनर, म्हणजे इंजिनातली साखळी ताणून धरणारे भाग, प्लॅस्टिकचे आणि म्हणून कमकुवत आहेत. २००० नंतरच्या मर्सिडीज सीएलचं सस्पेन्शन हायड्रॉलिक आहे. बसायला स्वर्ग, दुरुस्तीला भयंकर महाग. अमेरिकेतल्या एससीला साध्या स्प्रिंगा आहेत. रोजच्या गाडीत हा साधेपणा फार मोलाचा आहे.

३. पैसे दोन भागांत ठेवा

हातात दहा हजार असतील तर गाडी साडेसहाची बघा. उरलेले साडेतीन पहिल्या काही महिन्यांच्या कामाचे आहेत, त्यांना हात लावायचा नाही. नऊ हजारांची गाडी घेऊन हजारात बाकीचं भागवू म्हणणारे बहुतेक जण वर्षाच्या आत ती अर्धवट अवस्थेत विकताना मी पाहिले आहेत.

इतक्या जुन्या गाडीला बँका सहसा कर्ज देत नाहीत, आणि तुमची इथली क्रेडिट हिस्ट्री नवी असेल तर त्याहून नाही. म्हणजे रोख व्यवहार. मोठी नोटांची गड्डी घेऊन अनोळखी माणसाच्या पार्किंगमध्ये जाऊ नका. तुमच्या बँकेच्या शाखेत भेटा, तिथेच कॅशियर चेक (बँकेने स्वतःच्या हमीवर दिलेला चेक) काढा, तिथेच कागदांवर सह्या घ्या.

४. गाडी बघायला जाताना

सोबत न्यायचं सामान: टॉर्च, जुना टॉवेल, रबरी हातमोजे, टायरची नक्षी मोजायचं गेज, छोटा चुंबक, आणि १९९६ किंवा नंतरची गाडी असेल तर ओबीडी-२ स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. त्याआधीच्या गाडीला स्कॅनर लागत नाही. बोनेटखालच्या डायग्नॉस्टिक डबीतली टीई१ आणि ई१ ही दोन टोकं छोट्या वायरने जोडली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. वायर जोडायची सवय नसेल तर हे मेकॅनिकवर सोपवा.

फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा. ते गरम लागलं तर विचारा का, कारण थंड इंजिन सुरू होताना जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं.

थंड इंजिन सुरू होताना कुरकुर, अडखळणारा आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनची चाल), गिअर विचित्र पडणं हे १९९२ ते ९५ च्या गाड्यांत दिसलं तर इंजिनच्या कॉम्प्युटरचा संशय घ्या. त्यातले कपॅसिटर वयाने गळतात आणि आतली पाटी खातात. वेळेत लक्षात आलं तर इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवून कमी पैशांत काम होतं. दुर्लक्ष केलं तर पूर्ण कॉम्प्युटर शोधावा लागतो.

मागून पांढरा धूर दिसला की लोक घाबरून हेड गास्केटचं, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलचं, नाव घेतात. ती शक्यता तपासाच, पण या इंजिनात आणखी एक कारण असतं. पॉवर स्टिअरिंगच्या पंपावरचा आयडल वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह खराब झाला की स्टिअरिंगचं ऑइल व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात ओढलं जातं आणि जळतं. नळीत ऑइल दिसलं तर हाच प्रकार. किंमत पाडून घ्यायला उत्तम मुद्दा आहे.

त्याच पंपाची गळती नीट बघा. पंपाखाली आल्टरनेटर आहे. ऑइल त्याच्यावर ठिबकत राहिलं की आज ना उद्या आल्टरनेटर जातो, आणि तो बहुतेक वेळा तुम्ही घरापासून लांब असतानाच जातो. पंपाखाली ओलं दिसलं तर दोन्हींचे पैसे हिशेबात धरा.

सीटवर बसा. इग्निशन फिरवेपर्यंत डॅश पूर्ण काळा असतो, मग काटे उजळतात. सगळे उजळले का? एसीच्या पडद्यावरचे आकडे वाचता येतात का, की काळे डाग पसरलेत? काचा दोन्ही बाजूंनी पूर्ण वरखाली करा. दार उघडून हलकेच वर उचला. एससीची दारं लांब आणि जड आहेत; अरुंद जागेतही उघडता यावीत म्हणून त्यांना जोड-बिजागऱ्या दिल्या आहेत. त्या झिजल्या की दार खाली बसतं आणि बंद करताना उचलावं लागतं. चालत्या गाडीला त्याने अडत नाही, पण दुरुस्ती किचकट आहे.

मग रस्त्यावर. स्पीड बंपवरून सावकाश न्या. पुढून खट्ट असा आवाज आला तर खालचे बॉल जॉइंट आणि कंट्रोल आर्मचे बुश संशयित. बॉल जॉइंटबद्दल हयगय नको. तो सुटला तर चाक कोलमडतं. फ्रीवेवर सत्तरला हात सैल सोडून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. परतल्यावर गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी दाखवणारी काडी काढून टॉवेलवर पुसा. ऑइल लालसर हवं. तपकिरी आणि जळक्या वासाचं असेल तर नमस्कार करून निघा.

पत्र्याची काळजी कॅलिफोर्नियात कमी, इथे गंज क्वचित. पण या गाडीच्या अंगावर सरळ रेषा जवळजवळ नाहीत, सगळे गोलवे. अपघातानंतर पुटी भरून केलेलं काम उन्हात तिरकं बघितलं की लगेच उठून दिसतं. चुंबक तिथेच कामी येतो.

हे सगळं स्वतः बघून झाल्यावरही, पैसे देण्याआधी गाडी एखाद्या स्वतंत्र मेकॅनिकच्या लिफ्टवर चढवा. टोयोटा-लेक्ससचंच काम करणारा असेल तर उत्तम. दोनशे डॉलरच्या आसपास खर्च येतो. विकणारा याला नाही म्हणाला तर त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं.

शेवटी एकच गोष्ट मागा: पावत्या. ओडोमीटरवरच्या आकड्याला मी फार किंमत देत नाही. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना हस्तांतराच्या वेळी मायलेज जाहीर करायची केंद्रीय सक्ती आता नाही. एक लाख साठ हजार मैलांची, पण फाईलभर पावत्या असलेली गाडी मी कागद नसलेल्या ऐंशी हजारांच्या गाडीपेक्षा डोळे मिटून निवडेन.

५. कागदपत्रं

हे कागद डोळ्यांसमोर असल्याशिवाय पैसे सोडू नका:

- टायटल, म्हणजे मालकीचा कागद, इथली मंडळी ज्याला पिंक स्लिप म्हणतात तो. त्यावरचं नाव विकणाऱ्याच्या लायसन्सवरच्या नावाशी जुळलं पाहिजे.
- स्मॉग प्रमाणपत्र, ९० दिवसांच्या आतलं. ते देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे.
- चालू रजिस्ट्रेशन.
- किंमत, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेलं विक्रीपत्र.
- गाडीच्या व्हीआयएनवरून (गाडीवर कोरलेल्या ओळख क्रमांकावरून) काढलेला इतिहासाचा अहवाल. हा तुम्ही काढायचा, विकणाऱ्याने दाखवलेल्या कागदावर भागवू नका.

टायटलवर दोन मालकांची नावं "अँड"ने जोडलेली असतील तर दोघांच्या सह्या लागतात, "ऑर" असेल तर एकाची चालते. कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव छापलेलं असेल तर तिची सोडचिठ्ठीची सही हवी. "टायटल मित्राच्या नावावर आहे, त्याने कोरी सही करून दिली आहे" हे ऐकलंत की निघा. असे लोक बहुधा परवान्याशिवाय गाड्या विकणारे असतात.

आणखी एक सापळा: कॅलिफोर्नियात थकलेली रजिस्ट्रेशन फी आणि तिचा दंड गाडीला चिकटून येतो, म्हणजे तुमच्या गळ्यात पडतो. डीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन नोंदणी खात्याच्या) साइटवर फीचा हिशेब आधीच करून बघा. दुसऱ्या राज्यातून आलेली गाडी असेल तर व्हीआयएनची पडताळणी आणि इथली स्मॉग तपासणी दोन्ही लागतात.

व्यवहार झाला की दहा दिवसांत नाव बदलायला डीएमव्हीत अर्ज द्या. विक्रीकरासारखा यूज टॅक्स तिथेच भरावा लागतो, तो बजेटमध्ये धरा. विकणाऱ्याने पाच दिवसांत गाडी विकल्याची सूचना डीएमव्हीला द्यायची असते. त्याला आठवण करा, त्याच्याही भल्याचं आहे. नंबर प्लेट साधी असेल तर ती गाडीबरोबरच राहते.

६. विमा

क्लासिक गाड्यांचा ठरीव किमतीचा विमा आकर्षक दिसतो, पण त्यात बहुधा रोज ऑफिसला नेण्याची मुभा नसते. खोटं सांगून तो घेऊ नका, दावा फेटाळला जाईल. साधाच विमा घ्या. राज्याची किमान लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचं सक्तीचं विमा संरक्षण, १ जानेवारी २०२५ पासून वाढून एका व्यक्तीच्या दुखापतीला ३० हजार, एका अपघाताला ६० हजार आणि मालमत्तेला १५ हजार डॉलर झाली आहे. इथल्या इस्पितळांची बिलं बघता तीसुद्धा तोकडी आहे. याहून बरीच वरची मर्यादा घ्या.

या वयाच्या गाडीला बंपरची जराशी ठोकर लागली तरी कंपनी ती टोटल, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली, ठरवू शकते. म्हणून पहिल्याच दिवशी आतून-बाहेरून फोटो काढा, आणि प्रत्येक पावती स्कॅन करून ठेवा. भरपाईची बोलणी करताना तेच हातात असतं.

७. पहिल्या तीन महिन्यांचा क्रम

बहुतेकांची गाडी इथे चुकते. गाडी घरी येते, पहिल्या आठवड्यात नवा स्टिरिओ येतो, चाकं पॉलिश होतात आणि इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, "पुढच्या महिन्यात" राहतो. क्रम असा ठेवा.

आधी जीव सांभाळणाऱ्या गोष्टी. टायरच्या कडेवरचा चार आकडी तारखेचा कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही नवी दिसो, जुना टायर बदला. एससी ४०० च्या टायरचं मूळ माप २२५/५५ आर१६. ब्रेकच्या रबरी नळ्या आणि ब्रेक ऑइल बदला. बॉल जॉइंट कधी बदलले याची पावती नसेल तर बदलून टाका.

मग रस्त्यात थांबवणाऱ्या गोष्टी. पहिला नंबर टायमिंग बेल्टचा. ९० हजार मैलांना तो बदलायचा असतो, पण रबर वयानेही मरतं. १९९८ पासूनच्या व्हीव्हीटी-आय इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांना तितका धोका नाही, तरी फ्रीवेच्या मधल्या लेनमध्ये गाडी बंद पडणं कुणालाच नको. बेल्टबरोबर वॉटर पंप, आयडलर पुली, हायड्रॉलिक टेन्शनर आणि सील एकदमच बदला. मजुरी तीच लागते. माझ्या भागात स्वतंत्र गॅरेजमध्ये याला हजार ते दीड हजार डॉलर पडतात. कुणी चारशेत सांगितलं तर तो फक्त बेल्ट बदलणार आहे.

त्यानंतर रेडिएटर. गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या आतल्या नळीतून थंड होतं. जुना रेडिएटर आतून फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं. दोन-तीनशे डॉलरचा भाग वेळेत बदलून हजारोंचा गिअरबॉक्स वाचतो. सोबत सगळ्या होज आणि थर्मोस्टॅट.

स्टिअरिंग पंप गळत असेल तर आता दुरुस्त करा, आल्टरनेटर जायच्या आधी. गिअरबॉक्सचं ऑइल काढून-भरून बदला, आणि कोणतं ऑइल हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत बघूनच, कारण चार आणि पाच गिअरच्या बॉक्सला एकच ऑइल चालत नाही.

स्टार्टरची एक खास गोष्ट. या व्ही-८ मध्ये तो दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या घळीत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसवला आहे. भाग स्वस्त, पण तिथवर पोचायला अर्धं इंजिन उघडावं लागतं. दुसऱ्या कामासाठी मॅनिफोल्ड निघालाच असेल तर स्टार्टरही त्याच वेळी नवा करून घ्या.

आराम तिसरा: एसी, काचा, दिवे, सीटच्या मोटरी. सुरुवातीच्या वर्षांच्या गाडीत एसीचा गॅस जुना आर-१२ असू शकतो, बोनेटखालचं लेबल वाचूनच गॅस भरायला जा. रंग आणि चामडं सगळ्यात शेवटी.

भागांसाठी एक युक्ती: एलएस ४०० सेदानमध्येही हेच इंजिन आहे आणि ती कितीतरी जास्त विकली गेली. इथल्या भंगारवाड्यांत, जिथे आपणच पाना घेऊन भाग काढायचा असतो, इंजिनच्या आसपासचे भाग शोधताना एलएससुद्धा बघा. एससीच्या आतले प्लॅस्टिकचे तुकडे मात्र दुर्मिळ होत चाललेत. चांगला दिसला तर गरज नसतानाही उचलून ठेवावा.

८. रोजची शिस्त

गाडी कधी ना कधी दोन-तीन दिवस गॅरेजमध्ये राहणार, हे गृहीत धरून दुसरी सोय ठेवा: घरातली दुसरी गाडी, कॅलट्रेनसारखी लोकल, सहकाऱ्याची सोबत, काहीही. ही सोय नसलेला माणूस घाईत चुकीच्या गॅरेजमध्ये जातो आणि चढे पैसे देतो. ट्रिपल-ए या रस्त्यात मदत करणाऱ्या संस्थेची प्लस सदस्यता घ्या. साध्या सदस्यतेत टोइंग काही मैलांपुरतंच असतं, प्लसमध्ये १०० मैलांपर्यंत.

दर रविवारी पाच मिनिटं: इंजिन ऑइल, कूलंट, स्टिअरिंगच्या टाकीची पातळी, टायरची हवा, आणि पार्किंगच्या जमिनीवर नवा डाग. एका वहीत तारीख, मैल आणि काम लिहीत जा. पुढे गाडी विकताना ही वही तिची किंमत वाढवते.

९. स्मॉग, आणि कुठे थांबायचं

१९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना इथे सहसा दर दोन वर्षांनी स्मॉग लागतो. बे एरिया, लॉस एंजेलिससारख्या भागांत १९९९ आणि त्याआधीच्या गाड्या रोलरवर चालवून नळीतला धूर मोजतात. २००० च्या गाडीचं काम कॉम्प्युटर वाचून होतं. तपासणीला जाण्याआधी ऑइल ताजं हवं आणि इंजिन फ्रीवेवर वीस मिनिटं पळवून पूर्ण तापलेलं हवं. नुकतीच बॅटरी काढली असेल आणि गाडी ओबीडी-२ ची असेल तर आठवडाभर चालवूनच जा.

नापास झालात आणि कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) निघालं, तर बसा आणि हिशेब करा. कॅलिफोर्नियात राज्याची मंजुरी असलेलाच कन्व्हर्टर बसवता येतो आणि तो इतर राज्यांतल्यापेक्षा कितीतरी महाग आहे. उत्पन्न मर्यादेत असेल तर राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडून दुरुस्तीला मदत मिळू शकते, आधी तो अर्ज बघा.

माझा नियम असा. गेल्या बारा महिन्यांत वरच्या क्रमातली मोठी कामं झाली असतील तर एकटा कन्व्हर्टर मी बसवेन, कारण त्यानंतर गाडी काही वर्षं शांत चालते. पण बेल्ट, रेडिएटर, बॉल जॉइंट सगळंच बाकी असताना कन्व्हर्टर गेला, तर खरं कारण सांगून ती एखाद्या हौशी मेकॅनिकला विकावी. अशी गाडी घ्यायला तो तयार असतो, आणि तिचं पुढचं काम त्याच्या हाती स्वस्तात होतं.